तोफेला वाहिलेल्या अक्षता

सत्तावीस वर्षांची असताना मी एका हेलिकॉप्टरच्या तोफेला जेवू घातलं. वाचणाऱ्याला वाटेल, म्हातारीची जीभ घसरली. घसरलेली नाही. ओल्या कुंकवात कालवलेल्या अक्षता, चिमूटभर नव्हे, चांगल्या मूठभर, मी तिच्या तोंडात घातल्या आणि डोळे मिटून हात जोडले. तेव्हा मी बी.ए., बी.एड. झालेली होते. हे मुद्दाम सांगते. न शिकलेल्या बाईनं असं केलं नसतं. तिनं आधी कुणाला तरी विचारलं असतं.

मला लिहायचं आहे ते काशिनाथ म्हात्रे यांच्याबद्दल. पण ती मूठ आधी सांगून टाकल्याशिवाय त्यांच्याबद्दलचं एकही वाक्य मला खरं लिहिता येणार नाही, म्हणून सांगितली.

म्हात्रेभाऊ हवाई दलात सार्जंट होते, हत्यारं सांभाळणाऱ्या विभागात. आमचे हे त्यांच्या हाताखाली. पंजाबकडच्या एका तळावर आम्ही सगळे शेजारी शेजारी क्वार्टर्समध्ये राहायचो. हे भिवंडी शहरातले, म्हात्रेभाऊ जवळच्या राहनाळचे, आगरी. इतक्या लांब आपल्या तालुक्याचा माणूस भेटला म्हणून पहिल्याच आठवड्यात हिराबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला गावाहून आणलेले सुके बोंबील दिले होते. मी ते वासानं घाबरून शेजारच्या सरदारणीला दिले. तिनं ते मांजराला घातले. हिराबाईंना हे कळलं आणि तरी त्या माझ्याशी बोलत राहिल्या, यावरून त्या कशा होत्या ते समजावं.

म्हात्रेभाऊ बुटके, खांद्यात रुंद. चालताना दोन्ही हात अंगापासून जरा लांब धरायचे, हातांना ग्रीस लागलंय आणि कपड्याला पुसायचं नाही अशा बेतानं. बोलणं म्हणजे ओरडणं. जमिनीवर तोफ चालवून बघताना वर्षानुवर्षं तिच्याजवळ उभं राहून कान अर्धे गेले होते. कानात कुजबुजायला आले तरी मागची दोन घरं ऐकायची.

त्यांची एकच सवय सांगायची तर ती रिकामेपणाची. कुठलीही वस्तू रिकामी आहे यावर त्यांचा विश्वास नसे. आमच्याकडे पाणी दिलं की आधी पेला उपडा करून झटकायचे, मग माझ्यापुढे धरायचे, आता ओता. बूट घालण्याआधी ठोकायचे. खुर्चीवर बसण्याआधी खुर्ची चारी पायांवर हलवून बघायचे. हिराबाई म्हणायच्या, "लग्नात माळ घालाच्या आधी पन हा माज्याभोवती एक चक्कर मारून आलेला. भटजी बोलला, अरे फेरे नंतर हायत."

या सवयीचं मूळ ती तोफ. हेलिकॉप्टरच्या नाकाखाली ती बसवलेली असायची. चार नळ्या एकत्र बांधलेल्या, आणि तो सगळा जुडगा गरगर फिरत गोळ्या सोडायचा. कागदावर तिला तोफ म्हणायचं की मशीनगन, यावर हे आणि म्हात्रेभाऊ माझ्या स्वयंपाकघरात बसून नळीच्या मापावरून भांडायचे. तिची एक गोळी माझ्या मधल्या बोटापेक्षा लांब होती. मी तिला तोफ म्हणायचे आणि घरात तेच नाव राहिलं.

एकदा मी शेवग्याच्या शेंगा सोलत बसले होते. म्हात्रेभाऊंनी माझ्यापुढच्या चार शेंगा उचलल्या, दोऱ्यानं बांधल्या आणि दोन तळहातांत रवीसारख्या घुसळल्या.

"ही बघा वयनी. ही गोळी घेते. ही तोंड बंद करते. ही उडवते. ही रिकामं टरफल टाकते. टाइम एकच, पन चारींचं काम येगळं. एकाच नळीला सगळं काम दिलं तर ती तापून वाकेल, म्हनून चौघी वाटून घेतात. आता सांगा, तोफ रिकामी हाय का, ते कसं बघाल?"

"नळीत डोकावून," मी म्हटलं.

"कुठल्या?"

मी पहिल्या शेंगेवर बोट ठेवलं.

"एकीत डोकावलात आन ती रिकामी दिसली, तर बाकी तिघींचं काय? हातानं फिरवाची. पुरी एक चक्कर. चारी समोर येतील, चारींत बघाचं. मगच रिकामी हा शब्द तोंडातून काढाचा."

तोफेबद्दल ते आणखी एक सांगायचे. असली फिरती तोफ आधी मोठ्या यंत्रांवर असायची, जहाजावर, विमानावर. हेलिकॉप्टरला लावायची म्हणून तिला आखूड केली, हलकी केली, डावी-उजवी वळती केली. "वजन कमी करता येतं वयनी. धक्का न्हाय कमी करता येत. तो कुनाला तरी खावाच लागतो." तेव्हा मी हे ऐकून घेतलं आणि शेंगा मागितल्या, आमटी राहिली होती.

खंडेनवमीला तळावर हत्यारांची पूजा असायची. त्या दिवशी बायका-मुलांना हँगरपर्यंत जाऊ देत. हेलिकॉप्टर धुऊन पुसून उभं, तोफेच्या नळ्यांना झेंडूच्या माळा, मोठे साहेब नारळ फोडणार, मग मांडवात जिलबी. पूजा झाली की म्हात्रेभाऊ एकेक माळ स्वतः उतरवायचे. पाकळी न् पाकळी वेचायचे, नळ्या हातानं पुरी चक्कर फिरवायचे, चारींच्या तोंडाला टोप्या घालायचे, आणि गोळ्यांचा पट्टा जिथून आत जातो त्या तोंडावर कॅनव्हासची पट्टी लावून तपासणीच्या कागदावर सही करायचे. त्या वर्षीही त्यांनी ते सगळं केलं. मी हे शपथेवर सांगू शकते, कारण मी पोचले तेव्हा ते सगळं झालेलं होतं.

मला उशीर झाला होता. गजरा नीट बसत नव्हता. सगळे जिलबीकडे गेले होते, आणि माझ्या ताटलीतल्या अक्षता तशाच. पूजा चुकली तर वर्षभर काहीतरी होईल ही धास्ती, आणि शिवाय मला एक मागायचं होतं. हेलिकॉप्टरभोवती दोरी बांधलेली, तिच्या अलीकडे पहारेकरी होता, तो ओळखीचा; मी दोरीखालून वाकून गेले तर तो हसला. नळ्यांना टोप्या. मग मी विचार केला, आणि हा विचार बी.एड.चा होता, की नळ्या ही तर बाहेर टाकायची जागा. खाते ती बाजूच्या तोंडानं. ह्यांनीच मला कौतुकानं समजावलं होतं. नैवेद्य काय भलत्या ठिकाणी दाखवतात? मी पट्टी उचलली, मूठ आत रिकामी केली आणि पट्टी होती तशी लावून ठेवली. नीटनेटकी मी पहिल्यापासून. मागितलं काय, तर ह्यांची बदली घराजवळ होऊ दे.

बाहेर येताना म्हात्रेभाऊ मांडवाच्या तोंडाशी भेटले. "जिलबी संपेल वयनी," म्हणाले. माझा हात लाल होता. त्या दिवशी सगळ्याच बायकांचे होते.

दोन दिवसांनी गोळीबाराचा सराव होता. पट्टा भरताना वरून काही दिसलं नाही. तांदूळ आत घरंगळून, वाळून खड्यासारखे झाले होते. हेलिकॉप्टर वर गेलं, तोफेनं एकदा तोंड उघडलं आणि ती ठप्प झाली. खाली उतरवलं. अडकलेली तोफ सोडवायला आमचे हे पुढे झाले, कारण ते काम त्यांचं होतं. म्हात्रेभाऊंनी त्यांना दंडाला धरून मागे केलं. "वसंता, बाजूला हो. आत काय हाय म्हायती न्हाय." आणि स्वतःचा हात घातला. जुडगा ते हळूहळू उलटा फिरवत होते. अडकलेलं एकदम सुटलं आणि नळ्यांनी पाव चक्कर उडी घेतली. उजव्या हाताची दोन बोटं, तर्जनी आणि मधलं, मुळापासून गेली. त्या हातावर आतून लाल तांदूळ सांडले.

हे सगळं ह्यांनी मला संध्याकाळी जेवताना सांगितलं. घास हातात धरूनच ह्यांनी विचारलं, "तोफेत तांदूळ कोणी घातले असतील गं? कोण गाढव असेल?"

मी म्हटलं, "असेल कोणी." आणि वरण वाढलं.

तीन अधिकाऱ्यांनी चौकशी केली. त्यांनी म्हात्रेभाऊंना विचारलं, तुमचा कुणावर संशय आहे का. तळावर तांदूळ घेऊन आलेल्या बायका पंचवीस-तीस असतील, पण दोरी ओलांडणारी एकच, आणि त्या पहारेकऱ्यानं ते म्हात्रेभाऊंना सांगितलं नसेल असं मी स्वतःला फार वर्षं समजावत राहिले. ते चौकशीत एवढंच म्हणाले: "तपासनीवर सही माझी हाय. चूक माझी." त्यांच्या कागदात निष्काळजीपणा हा शब्द लाल शाईनं चढला. पुढची बढती आता झालीच असं सगळे म्हणत होते, ती थांबली ती थांबलीच. मुदत संपल्यावर ते तोच कागद घेऊन गावी आले.

आमची बदली मात्र चार महिन्यांत घराजवळ झाली. तोफ मला पावली.

मी भिवंडीत शाळेला लागले. मराठी शिकवायचे, आणि शनिवारी मूल्यशिक्षणाचा तास. खरं बोलावं, दुसऱ्यावर आळ येऊ देऊ नये, असं फळ्यावर वळणदार अक्षरात लिहायचे. तपासणीला आलेल्या साहेबांनी माझं अक्षर वाखाणलं होतं. त्या बाईला आज रस्त्यात गाठलं तर मी तिची वेणी ओढीन.

म्हात्रेभाऊ परतले तेव्हा राहनाळच्या भातशेतीवर गोडाऊन उभी राहायला लागली होती. हिराबाईंच्या भावाची, दामोदरची, तिथे तीन गोडाऊन होती. त्याला रखवालीवर एक फौजी माणूस हवाच होता. म्हात्रेभाऊ सर्टिफिकेट घेऊन गेले. दामोदरनं ते चार लोकांत वाचून घेतलं आणि म्हणाला, "दाजी, गोडावनाची चावी तुमाला कशी देऊ? यात लिवलंय तुमी इसरभोले हाव." सगळे हसले. म्हात्रेभाऊंना नीट ऐकू आलं नाही, म्हणून तेही हसले. घरी आल्यावर हिराबाईंनी त्यांना तेच मोठ्यानं सांगितलं.

हे हिराबाईंचं मला कधी पचलं नाही, आणि त्यांना दोष द्यायचा मला हक्कही नाही. त्यांची बाजू सरळ होती. नवऱ्यानं चौकशीत स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं. मग तो दोषी. हातची बढती गेली, दोन बोटं गेली, माहेरी मान खाली गेली. घरात तांदूळ निवडायला घेतले की त्या म्हणायच्या, "तुमी हात लावू नका. तुमच्या हातून खडा राहील." चाळीस वर्षं त्यांनी त्यांना एकदाही तांदूळ निवडू दिले नाहीत. म्हात्रेभाऊ एकदाही म्हणाले नाहीत की बाई, खडा मी ठेवला नव्हता.

शेवटी ते आमच्याच गल्लीत दोन दारं सोडून राहायला आले आणि एका पॉवरलूमच्या कारखान्यात फिटर झाले. भिवंडीत निम्मी माणसं लूमच्या खडखडाटानं ओरडून बोलतात, त्यामुळे त्यांचं बहिरेपण इथे कुणाच्या लक्षातच आलं नाही. लूम चालू करण्याआधी ते पट्टा उतरवून चाक हातानं फिरवायचे. पुरी एक चक्कर. मग दुसरा लूम. शिफ्टची माणसं तंबाखू मळत उभी राहायची. एक आझमगडचा विणकर रोज विचारायचा, "चाचा, लूम चलाओगे कि नब्ज़ देखोगे?"

"पहले नब्ज़," म्हात्रेभाऊ ओरडायचे. "मुर्दे को कौन चलाता है?"

ईदच्या सुट्टीनंतर कारखाना उघडला तेव्हा कोपऱ्यातल्या लूमचं चाक त्यांनी अर्धं फिरवलं आणि थांबले. म्हणाले, जड लागतंय. शेठ म्हणाला, आठ दिवस बंद होता, तेल सुकलं असेल, बटन दाब. म्हात्रेभाऊ बटनासमोर उभे राहिले. शेठ चिडला, विणकर हसले. मग त्यांनी खाली झोपून हात आत घातला, तीन बोटांचा, आणि दातेरी चाकाच्या आडून मांजराचं पिल्लू काढलं. मग दुसरं, तिसरं, चौथं. डोळे न उघडलेली. "अभी रुको, चक्कर पूरा नहीं हुआ," म्हणून त्यांनी परत हात घातला आणि पाचवं काढलं. त्या दिवसापासून त्यांना कुणी निष्काळजी म्हटलं असतं तर त्या आझमगडच्या माणसानं मारामारी केली असती. ही गोष्ट मी हिराबाईंना फार रंगवून सांगितली. त्या म्हणाल्या, "मांजरीसाठी बरी नजर हाय. सरकारी कामाला नव्हती."

दर वर्षी दसरा झाला की म्हात्रेभाऊ शुक्रवारी, लूम बंद असले की, आमच्याकडे यायचे. हातात कोरा फुलस्केप. तो शब्द कागदावरून काढून टाकावा म्हणून ते रेकॉर्डच्या कचेरीला अर्ज करायचे, आणि अक्षर चांगलं म्हणून लिहायला मी. लोकांना वाटायचं, पेन्शनमध्ये काही वाढ मागतायत. पेन्शनचं त्यांनी कधी नाव काढलं नाही. त्यांना तो एक शब्द घालवायचा होता आणि दुरुस्त झालेला कागद हिराबाईंना वाचून दाखवायचा होता. मला त्यांनी हे स्वच्छ सांगितलं होतं. "माजं काय न्हाय वयनी. तिनं एकदा ऐकलं पायजे. सरकारच्या कागदावरून आलेलं. माज्या तोंडचं ती मानाची न्हाय, मी एकदा कबूल झालोय."

ते सांगायचे, मी लिहायचे. सदर दिवशी पूजेनंतर तोफेची तपासणी मी नियमानुसार केली होती. इथपर्यंत ते सांगत. मग थांबत. "फुडं तुमी लिवा," म्हणत आणि खिडकीबाहेर बघत बसत.

पुढे मी लिहायचे: "त्यानंतर तोफेमध्ये तांदूळ कसे आले हे मला ठाऊक नाही." प्रत्येक वर्षी. कधी 'माहीत नाही' लिहिलं, कधी 'ज्ञात नाही'. भाषेचं वैविध्य माझ्याकडे होतं. मग मोठ्यानं वाचून दाखवायचे. ते ऐकायचे, तीन बोटांनी पेन धरून हळूहळू सही करायचे आणि चहा पिऊन जायचे. पेला उपडा करून झटकलेला असायचाच.

मी का सांगितलं नाही? पहिल्या वर्षी ह्यांची नोकरी होती. पुढे आमचा मुलगा त्याच खात्यात लागला. मग हे वारले, आणि वाटलं, त्यांना जिवंतपणी जे सांगितलं नाही ते आता जगाला कशाला. कारणं मला कधी कमी पडली नाहीत. खरं कारण लहान होतं. मला हसतील याची लाज वाटायची. बाईंनी तोफेला जेवू घातलं.

मग एका वर्षी अर्जाला उत्तर आलं. कचेरीचं नव्हे, त्या वेळच्या मोठ्या साहेबांचं. ते निवृत्त होऊन पुण्यात होते, ऐंशीच्या पुढचे. म्हात्रेभाऊंनी अर्जाची प्रत त्यांना पाठवायला लावली होती. पत्र इंग्रजीत. म्हात्रेभाऊ ते घेऊन आले, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच हिराबाईंना बरोबर घेऊन आले. त्या दारातच पायरीवर बसल्या, गुडघे दुखायचे म्हणून. मी पत्र मराठीत करून वाचलं, दोघांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. साहेबांनी लिहिलं होतं, मला तुमच्या कामाची खात्री होती आणि आहे. त्या दिवशी तपासणीनंतर काय घडलं, हे प्रत्यक्ष पाहिलेलं कुणी आपल्या हातानं लिहून देईल, तर मी स्वतः ते पुढे नेईन. मात्र लवकर करा, माझी तब्येत बरी नाही.

हिराबाई म्हणाल्या, "आता कोन साक्ष देनार? कोन हाय?"

म्हात्रेभाऊ माझ्याकडे बघत होते. खिडकीबाहेर नाही. माझ्याकडे. भिंतीवर ह्यांचा हार घातलेला फोटो, टेबलावर माझं पेन, पुढ्यात फुलस्केप. मी पत्राच्या घडीवर घडी घातली आणि म्हटलं, "इतक्या वर्षांनी कोण असणार?"

हिराबाई भिंतीला धरून उठल्या. "मी बोललेली ना. कोन असेल तर सापडेल. नसेलच तर कुटून सापडेल." नवऱ्याला काही ऐकू जाऊ नये इतक्या हळू, मला म्हणाल्या, "बाई, तुमी याला दर वर्षी कागद लिवून देता, तुमचे उपकार हायत. पन आता नका देऊ. खोटी आस लागते त्याला."

म्हात्रेभाऊंनी पत्र माझ्या हातून घेतलं आणि खिशात ठेवलं. चहा न पिता गेले. पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर ते आले नाहीत. साहेब गेल्याचं त्यांच्या मुलानं कळवलं होतं म्हणे.

हिराबाई मागच्या उन्हाळ्यात गेल्या. तीन दिवस ताप आणि संपलं. म्हात्रेभाऊ तेराव्याला लोकांच्या पंगतीत वाढत होते, वाकून, एकेका पानापाशी थांबून. दामोदर म्हणाला, "दाजी, बसा, तुमाला झेपाचं न्हाय." त्यांना ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल.

त्यानंतर महिनाभरानं, शुक्रवारी दुपारी, मी त्यांच्याकडे गेले. सत्तरी पार केलेल्या बाईला दोन दारं चालून जायला चाळीस वर्षं लागली. त्यांना ऐकू येत नाही, आणि गल्लीभर ओरडून सांगण्याइतकं धैर्य माझ्यात त्या दिवशीही नव्हतं, म्हणून मी लिहून नेलं होतं. एक पान, माझ्या त्याच वळणदार अक्षरात. गजऱ्यापासून सगळं. दोरी, पट्टी, मूठ. काय मागितलं तेही.

ते गच्चीवर होते. दोरीवर बोंबील वाळत घातलेले, आणि ते एकेक बोंबील उलटा करत होते, खालची बाजू उन्हाला यावी म्हणून. मी कागद पुढे केला. त्यांनी हात लुंगीला पुसले, चष्मा शोधला, भिंतीला टेकून वाचायला लागले. हळू वाचायचे ते, ओठ हलवत. वाचून झाल्यावर कागद उलटा करून मागेही पाहिलं, आणखी काही लिहिलंय का. नव्हतं. मग त्यांनी तो चार घड्या करून मला परत दिला, दोरीकडे वळले आणि राहिलेले बोंबील उलटे करू लागले. माझ्याकडे पाठ होती. मी जिन्याकडे निघाले. तेव्हा ते त्यांच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाले:

"मला कशाला सांगताव, वयनी? मला त्याच दिवशी कळलं व्हतं. हिराला सांगाचं व्हतं."